महाल कुणाचा

देवळाली प्रवरा,
१४ नोव्हेंबर १९७१

रंगनाथ,

तुला आणि विजयमालेला आशीर्वाद.

या महिन्याच्या एक तारखेपासून मी शाळेत जात नाही. सरकारच्या मते मी म्हातारी झाले. सकाळी दहाला घंटा झाली की अजून पाय आपोआप चपला शोधतात. मग मी अंगणातल्या तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालते. ती बिचारी आता सडेल.

तू भिंगारला लष्कराच्या गोदामात नोकरीला लागलास त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तू लिहितोस, आत्या, या, तुम्हाला नगर दाखवतो. तेव्हा मला सवड नव्हती. आता सवडीशिवाय काही नाही.

तेहतीस वर्षं मी चौथीच्या पोरींना चांदबिबी शिकवली. शिकवायचे म्हणजे कशी, ते तू आमच्या घरी वाढलास म्हणून तुला माहीत आहे. अंगणात चुन्याने किल्ला आखायचा, विटकरीच्या तुकड्यांचे बुरूज मांडायचे. मोगलांचा सुरुंग उडाला की एका पोरीने तटाची वीट काढायची, आणि दुसरीने पदर खोचून, हातात लाकडी पट्टी घेऊन खिंडारात उभं राहायचं. शेवटी मी लांबवर एक पाटा ठेवायचे. हा डोंगर, आणि डोंगरावर तिचा महाल. तिथून ती शत्रूच्या राहुट्या मोजायची. माझ्या हाताखालून हजारभर पोरी गेल्या असतील. कुठल्याही पोरीला विचार, झोपेतून उठवून विचार, सगळं सांगेल.

आणि किल्ला मी पाहिलेला नाही. हे तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. नगरला गेले ती परीक्षेला नाहीतर कचेरीत, दुपारच्या गाडीने परत. बेचाळीस साली एकदा दरवाज्यापर्यंत गेले होते, तर आत पुढारी कैदेत. गोऱ्या शिपायाने लांबूनच हात हलवून हाकललं. मरायच्या आधी मला आत जायचं आहे. कधी येऊ ते कळव.

तुझी आत्या
केशर

*

भिंगार,
२५ नोव्हेंबर १९७१

ती. आत्या,

पाया पडतो. तुमचं पत्र विजयमालेने दोनदा वाचून घेतलं आणि लगेच शेंगदाण्याचे लाडू करायला बसली. रविवार, ५ डिसेंबर ठरवा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण आमच्या साहेबांकडून मी पास घेतला आहे. सकाळी किल्ला. तिथून फराहबाग, म्हणजे तळ्याच्या मधोमध बांधलेला निजामशहाचा महाल. तळं आता कोरडं आहे, त्यामुळे पायी जाता येतं. मग बागरौजा. तिथं ज्याने नगर वसवलं तो अहमद निजामशहा झोपला आहे, म्हणजे तुमच्या चांदबिबीचा पणजा.

डोंगरावरचा महाल मात्र राहू द्या. लांब आहे, चढ आहे, वर सावली नाही. खालून रस्त्यावरनं दिसतो, तेवढं पुरे.

रंगनाथ

*

देवळाली प्रवरा,
२९ नोव्हेंबर १९७१

रंगनाथ,

माझ्या गुडघ्यांची काळजी मी करीन. डोंगर वगळायचा असेल तर मी येणार नाही.

केशर

*

भिंगार,
४ डिसेंबर १९७१

ती. आत्या,

हे कार्ड वेळेत मिळालं नाही तर, म्हणून निरोप घेऊन माणूसही पाठवतो आहे. उद्या येऊ नका. काल संध्याकाळी युद्ध सुरू झालं, रेडिओवर ऐकलंच असेल. किल्ला बंद, पास रद्द. आमच्या सगळ्यांच्या रजाही रद्द. गोदामातून रात्रंदिवस माल निघतो आहे. घरी कधी जाईन माहीत नाही. विजयमालेने खिडक्यांना काळे कागद लावले आहेत. आम्ही बरे आहोत.

रंगनाथ

*

देवळाली प्रवरा,
१९ डिसेंबर १९७१

रंगनाथ,

जिंकलो! परवा शाळेच्या पोरी माझ्या दारात साखर घेऊन आल्या. नव्या बाईंनी पाठवल्या होत्या. मी त्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, माझा भाचा भिंगारला आहे, रणगाड्यांचं सामान त्याच्या हातून जातं. एकीने विचारलं, मग त्यांनी लढाई केली का? मी म्हटलं, चांदबिबीने रात्रीत तट बांधून घेतला तेव्हा दगड वाहणारे होतेच ना? त्यांनी लढाई केली की नाही? पोरी म्हणाल्या, केली! तेव्हा तू लढलास. चौथीच्या वर्गाचा निकाल आहे, बदलणार नाही.

आता नवा पास काढ.

तुझी आत्या

*

भिंगार,
१८ जानेवारी १९७२

ती. आत्या,

तुम्ही सुखरूप पोचलात ना? परवा रात्री एस.टी.त बसवून आलो तेव्हापासून आम्ही दोघं विचार करतो आहोत, आपलं काय चुकलं?

किल्ल्यात तुम्ही किती आनंदात होता! खंदकावरचा पूल ओलांडताना चपला काढून हातात घेतल्या, तेव्हा पहाऱ्यावरचा जवान हसला, तर तुम्ही त्यालाच म्हणालात, "बाळा, देवळात चपला घालून जातोस का?" तटावर चढून बुरूज मोजत निघालात. मी मागे, मला धाप लागली. फराहबागेत त्या उंच दालनात उभ्या राहून मोठ्यांदा हाक मारलीत आणि घुमून आलेल्या आवाजाला पुन्हा उत्तर दिलंत. विजयमाला म्हणते, आत्यांना एवढं हसताना आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग डोंगर. तोपर्यंतही ठीक होतं. वरच्या मजल्यावरून तुम्ही सगळं नगर पाहिलंत. मग ते झाडलोट करणारे म्हातारबुवा आले, तुम्ही त्यांच्याबरोबर खाली तळघरात उतरलात. आम्ही बाहेर सावलीत बसलो. बाहेर आलात ती वेगळीच. डबा उघडला नाहीत. तो माणूस काही उलटसुलट बोलला का? तसं असेल तर मी जाऊन त्याला जाब विचारतो.

विजयमालेने लाडू मागाहून पाठवले आहेत, तुम्ही विसरलात.

रंगनाथ

*

देवळाली प्रवरा,
२२ जानेवारी १९७२

रंगनाथ,

त्या माणसाला काही विचारू नकोस. तो खरं बोलला.

खाली अंधार होता. भिंतीतल्या फटीतून उन्हाची एक पट्टी येऊन जमिनीवर पडली होती. ती जिथं पडली होती तिथं थडगं होतं. शेजारी दुसरं. मी म्हटलं, हे कुणाचं? चांदबिबीच्या महालात थडगी कशी? तो म्हातारा हसला, पण वाईट हसला नाही. म्हणाला, "बाई, समदे हेच इचारत्यात. ह्यो महाल न्हाई, कबर हाय. सलाबतखान वजिराची. निजामशाहीचा मोठा मानूस. बागा केल्या, पानी आनलं. चांदबिबी लढली तवा ह्याला जाऊन किती सालं झाल्ती. लोक डोंगराकडं बघून रानीचं नाव घेत्यात. ह्याचं कुनीच घेत न्हाई. म्या झाडून काढतो तेवढंच."

मी तिथं उभी राहिले आणि मला सत्तेचाळीस सालचा वर्ग आठवला.

चांगुणा नावाची एक पोर होती. बाप पाटाच्या कामावर मजूर म्हणून आमच्याकडे आला होता, गाव त्याच डोंगराच्या पायथ्याचं. आली तेव्हा वर्गात सर्वांत मागे बसायची. एकदा मी पाट्यावर बोट ठेवून म्हटलं, इथं चांदबिबीचा महाल. ती उभी राहिली. "न्हाई बाई. तिथं रानी ऱ्हात नव्हती. खाली थडगी हायेत. म्या शेरडं घेऊन जाती, म्या पाह्यलीत."

मी काय केलं असेल? पुस्तक उघडून पाहिलं असेल? नाही. मी म्हटलं, "आमच्या चांगुणेने भुतं पाहिली वाटतं." सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या दिवसापासून पोरी तिला थडगी म्हणायला लागल्या. चार महिन्यांनी ती शाळेत यायची थांबली. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ मारली आणि चांदबिबी शिकवत राहिले. आणखी चोवीस वर्षं.

दहा वर्षांच्या पोरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी काहीच पाहिलं नव्हतं. आणि हसले मी.

केशर

*

भिंगार,
२६ जानेवारी १९७२

ती. आत्या,

तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. पण तुम्ही हे फार मनाला लावून घेताय. सगळं नगर त्याला चांदबिबीचा महालच म्हणतं. एस.टी.चा कंडक्टर तसंच ओरडतो. आमच्या कँटीनमधला दिनदर्शिकेवरचा फोटो, त्याखालीसुद्धा तेच छापलंय. तुम्ही एकट्या चुकलात असं नाही. चुकलं ते सगळ्या जिल्ह्याचं.

आता एक कबूल करतो. मला माहीत होतं. नोकरीला लागलो त्याच वर्षी आमच्या साहेबांबरोबर वर गेलो होतो, त्यांनीच सांगितलं. म्हणून मी डोंगर टाळत होतो. म्हटलं, आत्यांच्या मनातला महाल तेवढा राहू दे.

२० फेब्रुवारीला गावात तुमचा सत्कार आहे असं शाळा समितीच्या छगनरावांचं पत्र आलं. माजी विद्यार्थिनी पंचक्रोशीतून येणार म्हणतात. तो दिवस तुमचा आहे. त्यात हे कशाला?

रंगनाथ

*

देवळाली प्रवरा,
२९ जानेवारी १९७२

रंगनाथ,

अकरा वर्षं तुला माहीत होतं, आणि त्या अकरा वर्षांत आणखी साडेतीनशे पोरींना मी चुकीचं शिकवलं. माझं मन जपलंस. त्यांचं कोण जपणार? पुन्हा माझी अशी दया करू नकोस.

सायकल काढ आणि डोंगराच्या पायथ्याच्या गावी जा. चांगुणेचा बाप किंवा भाऊ कुणीतरी सापडेल. ती कुठं आहे ते शोधून मला लिही. एवढं केलंस की मी तुझ्याशी पुन्हा नीट बोलेन.

केशर

*

भिंगार,
७ फेब्रुवारी १९७२

ती. आत्या,

काल गेलो होतो. विहिरी आताच तळाला गेल्या आहेत, गावात म्हाताऱ्यांशिवाय फारसं कुणी नाही. चांगुणेचा बाप वारला. भाऊ भेटला, कानिफनाथ. आधी मला सरकारी माणूस समजून घरातून बाहेरच येईना. तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाला, "चुन्याचा किल्ला काढणाऱ्या बाई? आमची आक्का अजून सांगती." मग चहा केला.

ती पाथर्डीकडे दिली आहे. दिवाळी झाली की तिच्या सासरची माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जातात. आत्या, यंदा त्यांची टोळी तुमच्याच भागात आहे. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पाटाच्या अलीकडे ज्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या पडल्या आहेत ना, त्यांतल्या एकीत. तुमच्या घरापासून मैलभर असेल. तीन महिने ती तुमच्या दारावरून उसाच्या गाड्या घेऊन जाते आहे.

आता बोलाल ना माझ्याशी?

रंगनाथ

*

देवळाली प्रवरा,
१२ फेब्रुवारी १९७२

रंगनाथ,

बोलते.

गुरुवारी संध्याकाळी गेले. उसाच्या पाचटाच्या चाळीसएक कोप्या, मध्ये बैल, धूर, भाकरीचा वास. मी विचारत विचारत गेले. एका कोपीपुढे बायकांचा घोळका बसला होता आणि मधोमध एक जण पत्र वाचून दाखवत होती. कुणाच्या तरी मुलीचं, सासरहून आलेलं. वाचून झालं की लगेच दुसरीचं. अक्षर लागलं नाही तर चुलीच्या उजेडाकडे धरायची. ती चांगुणा. मी ओळखलं नाही. तिने मला ओळखलं.

"बाई," म्हणाली आणि उठून उभी राहिली, वर्गात उभं राहतात तशी.

मी वाटेत जे जे ठरवलं होतं ते सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "चांगुणा, मी जाऊन आले. थडगी आहेत. तू खरं बोलली होतीस."

ती म्हणाली, "म्या तवाच सांगितलं हुतं."

"हो. आणि मी हसले. माझ्यामुळे तुझी शाळा सुटली."

"न्हाई बाई," ती चटकन म्हणाली. "शाळा बापाचं काम सपलं म्हनून सुटली. आमी गावाला गेलो. तुमच्यामुळं न्हाई." मी सुस्कारा सोडला असेल, कारण ती पुढे बोलली, आणि रंगनाथ, ते तिने फार शांतपणे सांगितलं. "पर तुमी हसला ते ध्यानात ऱ्हायलं. पोरी हसल्या त्याचं काय न्हाई, पोरी हसत्यातच. तुमी हसला."

मी तिचे हात धरले. कोयत्याने चरे पडलेले हात. मी म्हटलं, "वीस तारखेला गावात माझा सत्कार आहे. तिथं मी हे सगळ्यांदेखत सांगणार आहे. तू ये."

"काय करू येऊन? एक दिस बुडंल. आन् मला बघून समद्या पुना हसतील."

"हसल्या तर मी काय करते ते बघायला ये."

निघताना तिने मला कोपीतून उसाची दोन कांडी दिली, सोलून. मी दातांनी ऊस खाऊ शकत नाही हे तिला सांगितलं नाही. घरी आणून ठेवली आहेत.

छगनरावांना आज सांगितलं की भाषणात मी माझी चूक सांगणार. ते म्हणाले, "बाई, हारतुरे घ्या, चार शब्द आशीर्वादाचे बोला. तुमचा मोठेपणा आहे, पण लोक काय म्हणतील? तुमच्याबरोबर आमच्या शाळेचंही नाव जातं." मी म्हटलं, "छगनराव, शाळेचं नाव खोट्यावर टिकत असेल तर जाऊ द्या."

खरं सांगू? तुला म्हणून सांगते. मला भीती वाटते. तेहतीस वर्षं या गावात माझ्याशी कुणी वर मान करून बोललं नाही. त्या दिवशी एखादी जरी म्हणाली, मग बाईंनी आणखी काय काय खोटं शिकवलं, तर मी काय उत्तर देऊ?

केशर

*

भिंगार,
१६ फेब्रुवारी १९७२

ती. आत्या,

मला रजा नाही. विजयमाला शनिवारी संध्याकाळी पोचेल.

एवढंच उत्तर द्या: जे मी पाहिलं नव्हतं ते खोटं निघालं, जे पाहिलं ते खरं आहे. मी तुमच्याच घरात शिकलो, पण तुमच्याइतकं धाडस माझ्यात आलं नाही. आलं असतं तर अकरा वर्षांपूर्वीच पत्र लिहिलं असतं.

रंगनाथ

*

देवळाली प्रवरा,
२१ फेब्रुवारी १९७२

रंगनाथ,

विजयमाला सांगेलच, पण ती कौतुकच सांगेल. झालं तसं मी लिहिते.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. चार-पाचशे बाया. काहींना नातवंडं. छगनराव माझ्यावर पंधरा मिनिटं बोलले. मला शाल घातली. मी उभी राहिले आणि टेबलाला धरलं.

मी म्हटलं, "चौथीत मी ज्यांना चांदबिबी शिकवली त्यांनी हात वर करा." सगळा मांडव हातांचा झाला.

"सुरुंग उडाला, तट पडला, मग काय झालं?"

"राणी खिंडारात उभी राहिली!" सगळ्या एका सुरात. म्हाताऱ्यासुद्धा.

"तट कधी बांधला?"

"रात्रीत!"

"आणि महाल कुठं होता?"

"डोंगरावर!" त्याच सुरात, तेवढ्याच अभिमानाने.

मी म्हटलं, "चूक. तो महाल नाही. ती सलाबतखान नावाच्या वजिराची कबर आहे. तुम्ही चुकला नाहीत. मी चुकले. न पाहता शिकवलं. आणि एका मुलीने पाहून सांगितलं तेव्हा तिला हसले."

छगनराव खोकले. मागून कुणीतरी हसलं, आणि कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता. पण तेवढ्यात मांडवाच्या कडेला मला त्या दिसल्या. दहा-अकरा बाया, अंगावर पाचटाची कुसळं, थेट फडातून आलेल्या. पुढे चांगुणा.

मी तिला नावाने हाक मारली. म्हटलं, "चांगुणा, वर्गाला सांग तिथं काय आहे."

ती जागची हलली नाही. मला वाटलं, येणार नाही. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिथूनच, जिथं होती तिथूनच बोलायला लागली. आवाज एवढा खणखणीत, की माईकवाल्याने मान वळवली. डोंगरावरचं ऊन कसं असतं. तीन माळ्यांचं आठ बाजूंचं बांधकाम, लांबून बैलाच्या वशिंडासारखं दिसतं. आत गारवा. शेरडं दुपारी आपण होऊन आत जाऊन बसायची. खाली उतरलं की आधी काही दिसत नाही, डोळं मिटून शंभर मोजायचं, मग दिसतं. "म्या दहा सालाची हुते. म्या मोजलं आन् पाह्यलं. मला भ्या न्हाई वाटलं. कुनीतरी मोठा मानूस निवांत निजलाय असं वाटलं."

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेत छबूबाई बसली होती, पाटलांची सून, चांगुणेच्याच वर्गातली. तिला थडगी हे नाव हिनेच दिलं होतं. ती उठली, चांगुणेला हाताला धरून आणलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. आपण सगळा कार्यक्रम उभी राहिली.

नंतर नवी शिक्षिका माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मीसुद्धा महालच शिकवते. उद्यापासून नाही." मी तिला म्हटलं, "उद्या नको. आधी जाऊन बघून या."

रंगनाथ, मी तुला लिहिलं होतं की मला भीती वाटते. आता सांगते, माझ्या सगळ्या नोकरीत एवढा चांगला तास मी घेतला नव्हता. आणि तो निम्मा दुसरीनेच घेतला.

एक काम आहे. जाताना चांगुणा म्हणाली, "बाई, डोंगर आमचाच हाय, पर किल्ला म्या कदी आतून पाह्यला न्हाई. वरसातून दोनदा त्याच्या खंदकाला लागून गाड्या हाकतो." कारखाना बंद झाला की त्या सगळ्या त्याच रस्त्याने गावी परततील. पास काढशील का? एकीचा नाही. सगळ्यांचा.

केशर

*

भिंगार,
१७ एप्रिल १९७२

ती. आत्या,

पाया पडतो. काल त्या आल्या.

सकाळी सातला खंदकाच्या कडेच्या लिंबांखाली नऊ बैलगाड्या सुटल्या. पुरुष बैलांना चारापाणी करत बसले. म्हणाले, आमी येत न्हाई, आमी लांबून पाह्यलाय. अकरा बायका तेवढ्या निघाल्या, पोरं कडेवर. साहेबांनी पासावर सही करताना मला विचारलं होतं, तुझे पाहुणे आहेत का? मी हो म्हटलं. नंतर वाटलं, हे खोटं नाही.

दरवाज्यावर हवालदाराने वही पुढे केली. नाव, गाव, कुणाच्या ओळखीने, सही. बायका पाहून त्याने सवयीने अंगठ्याचा शाईचा पॅडही पुढे सरकवला. चांगुणाबाईंनी तो बाजूला केला. स्वतःचं नाव लिहिलं. मग म्हणाल्या, "थांबा, ह्यांचीबी लिव्हते." एकेकीला पुढे घेऊन तिचं नाव विचारलं. एक जण म्हणाली, "लिही की, सहादेवाची बायको." त्या म्हणाल्या, "सहादेव भाईर बैलापाशी हाय. तुजं सांग." तिने बराच वेळ लाजून राहीबाई असं सांगितलं. एवढं होईपर्यंत मागे साहेबांची जीप येऊन थांबली. साहेब उतरले, पाहिलं, आणि जीपला टेकून उभे राहिले. हॉर्न वाजवू दिला नाही.

आत मी सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यांत चांगुणाबाईंनी मला थांबवलं. "तसं न्हाई वो." मग त्यांनीच सांगितलं, तुमच्यासारखं. दगड गोळा करून बुरूज मांडले, राहीबाईला पदर खोचून उभं केलं. फक्त आता चुन्याच्या रेघेऐवजी खरा तट होता. दोन जवान कामं सोडून उभे राहिले, त्यांना मराठी येत नव्हतं तरी.

मग त्यांनी मला विचारलं, "भाऊ, खिंडार पडलं ती भित कंची?"

पूर्वीचा असतो तर मी कुठलीही दाखवली असती. मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही, चांगुणाबाई. जाणकारांना विचारून सांगतो." त्या मान हलवून म्हणाल्या, "असू द्या. ठाव न्हाई म्हनला, ब्येस झालं." आणि सगळ्या जणी तटाच्या कडेने चालत निघाल्या. सगळा तट, एकही बाजू न सोडता. उन्हात दीड तास लागला. जी कुठली भिंत असेल तिच्याजवळून जाऊन आल्या.

बाहेर पडताना हवालदार वही भरत होता. परतीची वेळ लिहायला मी वाकलो तेव्हा मला ते पान दिसलं. मला वाटलं होतं, ओळखीच्या रकान्यात माझं नाव असेल. पास माझ्या नावावर, नोकरी माझी. अकरा ओळी होत्या, एकाच हाताच्या, थोड्या तिरक्या. प्रत्येक नावापुढे त्या रकान्यात एकच लिहिलं होतं: केशरबाई, मास्तरीण, देवळाली.

हवालदार बोट ठेवून म्हणाला, "ये केशरबाई कौन है? कोई बडी अफसर?"

मी तोंड उघडायच्या आत अकराही जणी एकदम बोलल्या, "आमच्या बाई."

रंगनाथ